आधी क्रियापद, मग पेन: कॉलेजातल्या निबंधांचे प्रकार आणि ते लिहायची रीत

एफवायबीएला माझ्या पहिल्याच असाइनमेंटवर लाल पेनानं एक शब्द लिहून आला होता: 'विषयांतर'. बारा पानं लिहिली होती. गिरणी संपाच्या परिणामांची चिकित्सा करा, असा प्रश्न होता. मी काय केलं, तर संपाची हकीकत सांगितली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, दत्ता सामंत नेते होते, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, चाळीत लोकांनी भांडी विकली, मुलांच्या शाळा सुटल्या. यातलं एक वाक्यही खोटं नव्हतं. पण विचारलं होतं परिणामांबद्दल, तेही चिकित्सा करून, आणि मी गोष्ट सांगून मोकळा झालो होतो.

आता संध्याकाळी लालबागच्या एका अभ्यासिकेत मुलांच्या असाइनमेंट तपासायला बसतो, तेव्हा दहातल्या सात वह्यांत तीच चूक दिसते. त्यात मुलांचा फारसा दोष नाही. शाळेत निबंधाचे प्रकार विषयावरून शिकवतात. 'फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त' आलं की आत्मकथन, 'सूर्य उगवला नाही तर' आलं की कल्पनात्मक. कॉलेजात विषयावरून काहीच कळत नाही. तिथं निबंध कोणतं काम करणार आहे, यावर प्रकार ठरतो. एकाच पावसावर सहा तऱ्हेचे निबंध होतात. ते कसे, हे पुढे करूनच दाखवतो.

पहिलं काम: प्रश्नातल्या क्रियापदाखाली रेघ मारा

प्रश्न हातात आला की आपली नजर नामाकडे जाते. 'मिठी नदी' दिसलं की मिठी नदीबद्दल जे जे ठाऊक आहे ते कागदावर उतरायला लागतं. तसं न करता क्रियापद शोधायचं. आपल्या प्रश्नपत्रिकांत ही क्रियापदं ठरलेलीच असतात.

'वर्णन करा', 'विशद करा', 'सोदाहरण स्पष्ट करा': इथं मत नको, माहिती हवी, आणि ती नीट लावलेली हवी. 'सोदाहरण' हा शब्द सजावटीला नसतो, उदाहरण नसेल तर गुण कापले जातात. 'आढावा घ्या' म्हणजे विस्तार मोठा, खोली कमी. 'मागोवा घ्या' म्हणजे काळाच्या क्रमानं पाऊल शोधत जाणं. 'तुलना करा' किंवा 'साम्यभेद सांगा' यात दोन्ही गोष्टी एकाच फूटपट्टीनं मोजायच्या असतात. 'कारणमीमांसा करा' याचा अर्थ कारणांची यादी द्या असा नाही. कोणत्या कारणानं किती काम केलं ते सांगायचं असतं.

'चर्चा करा' हे सगळ्यात फसवं. बहुतेक मुलं त्याचा अर्थ 'जे सुचेल ते लिहा' असा घेतात. चर्चेला किमान दोन बाजू लागतात, आणि 'साधार चर्चा करा' म्हटलं असेल तर दोन्ही बाजूंना पुरावा लागतो. 'चिकित्सा करा' आणि 'टीकात्मक परीक्षण करा' यांतली टीका म्हणजे नावं ठेवणं नव्हे. ज्ञानेश्वरीला गीतेवरची टीका म्हणतात, त्या अर्थाची जवळची टीका: उकलून पाहणं. 'मूल्यमापन करा' म्हटलं की शेवटी निवाडा द्यावाच लागतो, आणि तो कोणत्या निकषावर दिला हे आधी सांगावं लागतं. 'टीप लिहा' हा निबंध नाही. तिथं प्रस्तावना घालून जागा घालवू नका.

एका प्रश्नात दोन क्रियापदं असतील, उदाहरणार्थ 'कारणे सांगून परिणामांची चर्चा करा', तर पानं आधीच वाटून घ्या. नाहीतर कारणांतच वही संपते आणि परिणाम शेवटच्या चार ओळींत कोंबले जातात.

एक पाऊस, सहा निबंध

२६ जुलै २००५ घेऊ. आज कॉलेजात असलेली बरीच मुलं तेव्हा जन्मलीही नव्हती, पण घरोघरी त्या दिवसाच्या गोष्टी आहेत.

कथनात्मक निबंध या गोष्टींपासूनच होतो. तुमची आई दादरहून ठाण्यापर्यंत रुळांवरून चालत आली, हे कथन. त्याला एक माणूस, एक वाट आणि एक वळण पुरतं. सगळ्या शहराचे हाल त्यात कोंबू नका. वर्णनात्मक निबंध याच्या शेजारीच राहतो, फक्त तिथं घटना थांबते आणि डोळे चालतात. कुर्ल्याच्या बैठ्या चाळीत भिंतीवर उरलेली पाण्याची रेघ, गादीचा वास, वाळत घातलेल्या वह्या. हे दोन प्रकार शाळेनं आपल्याला बरे शिकवलेत, त्यामुळे इथं थांबत नाही.

प्रक्रिया सांगणारा निबंध वेगळा. पावसाचं पाणी रस्त्यावरून पर्जन्यवाहिनीत, तिथून नाल्यात, नाल्यातून समुद्राच्या तोंडाशी आणि मग समुद्रात कसं जातं, हे टप्प्याटप्प्यानं सांगायचं. भरतीच्या वेळी समुद्राची पातळी नाल्याच्या तोंडापेक्षा वर जाते, तेव्हा पाणी बाहेर पडत नाही आणि पंपानं उपसावं लागतं. मुंबईत हाजी अली, ईर्ला, ब्रिटानिया अशी उदंचन केंद्रं त्यासाठीच बांधली. या प्रकारात एक टप्पा गळला की पुढचं सगळं कोसळतं. लिहून झालं की घरात ज्याला विषय ठाऊक नाही अशा कुणाला तरी वाचून दाखवा. तो जिथं 'म्हणजे?' विचारेल तिथं टप्पा गळला आहे.

व्याख्या करणारा निबंध मुलांना कंटाळवाणा वाटतो. मला तो आवडतो. 'पूर' म्हणजे काय? नदी काठ सोडून बाहेर आली तर पूर. पण दादर-परळकडच्या हिंदमाता भागात वर्षानुवर्षं पावसाळ्यात गुडघाभर पाणी होत आलंय, तिथं कुठली नदी? आपण म्हणतो 'पाणी भरलं'. सरकारी पत्रकात येतं 'सखल भागात पाणी साचले'. वर्तमानपत्र लिहितं 'मुंबई तुंबली'. साचणं, तुंबणं, भरणं आणि पूर, या चार शब्दांत जबाबदारी चार ठिकाणी जाते. 'साचले' म्हटलं की दोष जमिनीच्या उताराचा, 'तुंबली' म्हटलं की वाहिन्यांचा. हा फरक उलगडणं म्हणजे व्याख्यात्मक निबंध. शब्दकोशातला अर्थ उतरवून पहिला परिच्छेद भरणं म्हणजे नव्हे.

तुलनेसाठी २६ जुलै २००५ आणि २९ ऑगस्ट २०१७ हे दोन दिवस घ्या. सांताक्रूझला पहिल्या वेळी चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर, दुसऱ्या वेळी ३३१. इथं एक ठरलेला घोटाळा होतो: अर्धा निबंध २००५ वर, अर्धा २०१७ वर, आणि शेवटी 'अशा प्रकारे दोन्हींत साम्य व फरक आहेत'. ही तुलना नव्हे, हे दोन निबंध एका स्टेपलरनं जोडलेले. आधी निकष ठरवा: पाऊस किती, उपसायची सोय काय, लोकांपर्यंत खबर कशी पोचली, लोकल कधी सुरू झाल्या. मग प्रत्येक निकषावर दोन्ही दिवस शेजारी ठेवा. शिवाय तुलना करून काय दिसलं, ते एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. तसं वाक्य सापडत नसेल तर निकष चुकलेत.

सहावा प्रकार कारण-परिणामाचा. त्यावर जरा थांबूया, कारण इथंच सगळ्यात जास्त गुण जातात.

कारणांची मोळी नको

अभ्यासिकेतल्या एका मुलीचा परिच्छेद तिच्या परवानगीनं देतो: 'दि. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत अतिवृष्टी झाली. त्यामुळे मिठी नदीला पूर आला. लोकांनी प्लॅस्टिक टाकल्यामुळे गटारे तुंबली होती. याला प्रशासन जबाबदार आहे. निसर्गापुढे माणूस हतबल असतो.'

पाच वाक्यं आणि चार गुन्हेगार: आभाळ, लोक, प्रशासन, निसर्ग. कुणाचा वाटा किती, ते नाही. आणि शेवटचं वाक्य आधीच्या वाक्याला खोडून काढतं. माणूस हतबल असेल तर प्रशासन जबाबदार कसं?

आम्ही दोघांनी बसून आकडे जमवले आणि प्रत्येक कारणाला एकच प्रश्न विचारला: हे नसतं तर? तिनं पुन्हा लिहिलं ते असं:

'सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. शहराच्या पर्जन्यवाहिन्या ओहोटीच्या वेळी तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेतील एवढ्या बेताच्या होत्या. हा पाऊस दिवसभर सारखा वाटून पडला असता तरी तासाला सरासरी ३९ मिलिमीटर झाला असता. प्रत्यक्षात त्यातला बराचसा दुपारनंतरच्या काही तासांत कोसळला, आणि त्याच दुपारी ४.४८ मीटरची भरती होती. म्हणजे प्लॅस्टिक नसतं तरी पाणी भरलंच असतं. प्लॅस्टिकनं ते ओसरायला उशीर झाला असेल. त्याच दिवशी कुलाब्याला भरती तीच असूनही पावसाची नोंद फक्त ७३ मिलिमीटर आहे, त्यामुळे एकट्या भरतीनंही हे घडलं नसतं.'

यात एकही अलंकार नाही, पण प्रत्येक कारण आपापल्या जागी बसलं आहे. इतिहासाच्या मुलांना 'तात्कालिक कारण' हा शब्द ठाऊक असतो. तोच इथं वापरा. पाऊस हे तात्कालिक कारण, वाहिन्यांची जुनी क्षमता हे मूळ कारण, भरती ही त्या दोघांना मिळालेली साथ. वाहिन्यांची क्षमता दुप्पट करा, हे सांगणारा ब्रिमस्टोवॅड अहवाल १९९३ मध्येच आलेला होता, हे पुढच्या परिच्छेदात आलं, आणि मग 'प्रशासन जबाबदार आहे' हे वाक्य तिला लिहावंच लागलं नाही. वाचणाऱ्यानं ते स्वतःच म्हटलं असणार.

युक्तिवादाचा निबंध: 'च' कडे लक्ष

आता प्रश्न असा आहे समजा: 'मिठीकाठची बांधकामे हटवणे हाच मुंबईच्या पुरावरील उपाय आहे. साधार चर्चा करा.'

पहिल्यांदा 'हाच' मधल्या 'च' भोवती गोल करा. मराठीत एका अक्षरानं सगळा दावा बदलतो. 'केवळ', 'सर्वच', 'कधीही नाही', 'एकमेव' हे त्याच घराण्यातले. प्रश्न काढणाऱ्यानं तो 'च' मुद्दाम ठेवलेला असतो, आणि बहुतेक वेळा चर्चेची सगळी जागा तिथंच असते.

मग स्वतःची भूमिका एका वाक्यात लिहा. एकच वाक्य, पण त्यात 'कारण' किंवा 'म्हणून' आलं पाहिजे. 'मिठी नदीचा प्रश्न गंभीर आहे' ही भूमिका नव्हे. त्याला कोण नाही म्हणणार? ज्या वाक्याशी कुणी वाद घालू शकत नाही, त्यावर युक्तिवादाचा निबंध उभा राहत नाही. हे बघा: 'बांधकामं हटवल्यानं मिठीला वाट मिळेल, पण हिंदमाता-परळचं पाणी मिठीला मिळतच नाही, ते भरतीच्या वेळी उपसावंच लागतं, म्हणून हा उपाय आहे, हाच उपाय नाही.' यावर भांडता येतं.

त्यानंतर समोरची बाजू. आपल्याकडे शास्त्रार्थाची जुनी रीत आहे: आधी पूर्वपक्ष, मग उत्तरपक्ष, मग सिद्धान्त. पूर्वपक्ष असा मांडायचा की खुद्द प्रतिपक्षानं मान डोलावून 'हो, मला हेच म्हणायचं होतं' म्हणावं. मुलं इथं लबाडी करतात. समोरच्याचं सगळ्यात पोचट म्हणणं घेतात आणि ते उडवून विजयी होतात. तपासणाऱ्याला ते लगेच कळतं. इथला खरा पूर्वपक्ष असा आहे: नदीचं पात्र अरुंद झालं हे उघड आहे, पंप यंत्र आहे आणि यंत्र ऐन वेळी बंद पडू शकतं, तर रुंद पात्र बंद पडत नाही. हे वजनदार म्हणणं आहे. त्याला उत्तर देताना एवढं तरी मान्य करावं लागेल. मग म्हणता येईल की 'बांधकामं' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे झोपड्याच का येतात? मिठी विमानतळाच्या धावपट्टीखालून जाते, आणि वांद्रे-कुर्ला संकुल तिच्या काठच्या दलदलीवर भराव घालून उभं आहे. हटवायचं म्हणजे नेमकं काय काय, हे प्रश्नानं सांगितलेलंच नाही.

युक्तिवाद करणारा आणि मन वळवणारा हे दोन निबंध कधीकधी एकच समजले जातात. निवडणुकीच्या सभेतलं भाषण मन वळवतं. त्याला समोरची बाजू लपवायची मुभा असते, भावनेला हात घालायची तर असतेच. असाइनमेंटला ती मुभा नाही.

समीक्षात्मक निबंधाबद्दल थोडंच. बारावीपर्यंत आपण कवितेचं रसग्रहण करतो. कविता चांगली आहे हे धरूनच चालतो आणि सौंदर्य कुठं आहे ते दाखवतो. समीक्षेत ते धरून चालता येत नाही. लेखकाला काय साधायचं होतं, ते साधलं का, कुठं निसटलं, आणि हे कोणत्या ओळीवरून म्हणता, एवढं सांगावं लागतं. ओळ दाखवता आली नाही तर मत खिशात ठेवा.

आराखडा आणि पहिला मसुदा

झेरॉक्सच्या पाठकोऱ्या कागदावर भूमिकेचं वाक्य वर लिहा. खाली प्रत्येक परिच्छेदासाठी एकच वाक्य. सात परिच्छेद असतील तर सात वाक्यं. ती सलग वाचली की अर्धा निबंध तिथंच वाचल्यासारखा वाटला पाहिजे. दोन वाक्यं एकच सांगत असतील तर एक काढा. एखादं कुठंही सरकवलं तरी चालतंय असं वाटलं, तर ते बहुधा कुठंच नको आहे.

प्रस्तावना शेवटी लिहा. आधी लिहायला बसलात की 'आजच्या धावपळीच्या युगात' येतंच. मी स्वतः ते इतक्या वेळा लिहिलंय की आता कुणाच्या वहीत दिसलं की ओशाळतो मीच. 'मुंबई ही स्वप्नांची नगरी आहे' हेही तसलंच. प्रस्तावनेत प्रश्नातला गुंता कुठं आहे ते सांगा आणि भूमिका मांडा. पाच-सहा ओळी पुरे. शेवट करताना 'अशा प्रकारे' लिहून सगळं पुन्हा सांगू नका. भूमिका मान्य केली तर त्यातून काय निघतं, किंवा ती कुठं लागू पडत नाही, ते सांगून थांबा.

दुसऱ्याचं ते दुसऱ्याच्या नावावर

आकडा, वाक्य आणि कल्पना, तिन्हींचा उगम सांगावा लागतो. वाक्य बदलून लिहिलं म्हणून कल्पना आपली होत नाही. लेखक, वर्ष, पुस्तक, प्रकाशन, पान हे वाचतानाच टिपून ठेवा. सबमिशनच्या आदल्या रात्री पान क्रमांक शोधण्यासारखं दुसरं दुःख नाही. वाङ्मयचौर्याविषयीचे यूजीसीचे नियम २०१८ चे आहेत. प्रबंधात दहा टक्क्यांपुढे साम्य सापडलं की त्यांत कारवाईचे टप्पे सुरू होतात. तुमच्या असाइनमेंटला कॉलेज वेगळा नियम लावत असेल, पण सवय आत्तापासूनच बरी.

हल्ली मोबाईलवर निबंध तयार करून आणणारी मुलं भेटतात. भाषा गुळगुळीत असते. मी फक्त एवढंच म्हणतो की शेवटी दिलेल्या संदर्भांच्या यादीतलं दुसरं पुस्तक ग्रंथालयातून आणून दाखव. दोनदा असं झालं की ते पुस्तक जगातच नव्हतं.

शोधनिबंध लिहायचा असेल तर उंबरठा आणखी वर. तिथं प्रश्नही तुमचाच असतो. त्यासाठी दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जा. १८९८ पासूनची संस्था आहे. फोर्टात टाऊन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटी आहे, कलिन्याला विद्यापीठाचं जवाहरलाल नेहरू ग्रंथालय. मराठी विश्वकोश घरबसल्या वाचता येतो. व्याख्येच्या निबंधाला तिथून सुरुवात करणं सोयीचं. विकिपीडियावर जायला हरकत नाही, पण तळाला जिथून माहिती घेतली असं लिहिलेलं असतं, तिथपर्यंत उतरा आणि ते वाचा.

परीक्षेत घड्याळ लावून

स्पर्धा परीक्षेची मुलं याच अभ्यासिकेत दुसऱ्या टेबलावर बसतात. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत निबंधाची २५० गुणांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते: तीन तास, दोन निबंध, प्रत्येकी १००० ते १२०० शब्द, आणि तो मराठीतही लिहिता येतो. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाली आहे. तिथं प्रश्नात क्रियापदच नसतं, नुसतं एक सुभाषितवजा वाक्य असतं. क्रियापद तुम्हीच मनात घालायचं: हे वाक्य मी तपासणार आहे की उलगडणार आहे? ते ठरल्याशिवाय लिहायला लागलात की पाचव्या पानावर गाडी रुळावरून उतरते.

दीड तासाच्या निबंधाला मी मुलांना वीस मिनिटं आराखड्याला द्यायला सांगतो. पहिल्यांदा कुणीच ऐकत नाही, कारण बाजूच्याचं पेन चालू झालेलं दिसतं. साठ मिनिटं लिहिणं, उरलेली दहा मिनिटं वाचणं. वाचताना ऱ्हस्वदीर्घाच्या आधी एक गोष्ट बघा: प्रश्नपत्रिका पुन्हा उघडून, ज्या क्रियापदाखाली रेघ मारली होती त्यावर बोट ठेवा आणि आपल्या प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य वाचा. ज्या परिच्छेदानं ते काम केलेलं नाही, त्याच्या शेवटी एखादं वाक्य घालायला तेव्हाही जागा असते. म्हणून लिहिताना प्रत्येक परिच्छेदाखाली एक ओळ मोकळी सोडत चला.